कुणी हिरो-बिरो दिसतो का रे?

मुंबईत राहणाऱ्या माणसाला बाहेरगावचे नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, तुमच्या जागेची आज किंमत काय? आणि दुसरा, तिकडे कुणी हिरो-बिरो दिसतो का रे? पहिल्याचं उत्तर ऐकून ते गप्प होतात. दुसऱ्याचं उत्तर ऐकून ते आपल्याला गप्प करतात. आपण खरं सांगायला जावं, की बाबांनो, आम्ही सकाळी आठ चोवीसची फास्ट पकडतो, रात्री घरी येतो, मधल्या वेळात आम्हाला स्वतःची मुलंसुद्धा दिसत नाहीत. लगेच कुणीतरी म्हणतं, "काय सांगतोस! आमच्या साडूंचा पोरगा दोन दिवसांसाठी आला होता, त्याला विमानतळावर दोघं दिसली. एक तर पाणीपुरी खात होती." झालं. आपण इतकी वर्षं मुंबईत राहून नेमकं केलं काय, असा भाव सगळ्या पंगतीच्या चेहऱ्यावर उमटतो.

विमानतळावर पाणीपुरी कुठे मिळते, हे विचारायचं नसतं.

असेच आमचे एक मामा. सांगलीकडचे. वर्षाआड येतात, येताना हळद आणि बेदाणे आणतात आणि त्या बदल्यात बंगले बघतात. मुंबईकराला पाहुण्यांना गेटवे, राणीची बाग, महालक्ष्मी आणि बंगले दाखवावे लागतात. त्यातले पहिले तीन निदान आतून बघता येतात. बंगला म्हणजे फाटक. जुहूला नेलं, अमिताभ बच्चन यांच्या 'जलसा'समोर उभं केलं आणि सांगितलं, की दर रविवारी संध्याकाळी ते या फाटकाशी येतात, लोकांना हात करतात. बाहेर येताना पायातलं काढून ठेवतात, कारण जमलेली माणसं हे देऊळ आणि देवळात कुणी चपला घालून जात नाही, असं त्यांनीच लिहिलंय. मामांनी हे नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे देव बाहेर येणार, चपलाही देवच काढणार आणि भक्त बूट घालून फोटो काढणार. तुमच्या मुंबईत सगळं उलटंच." त्या दिवशी बुधवार होता. मामा रविवारपर्यंत थांबायला तयार झाले, तेव्हा आमच्या घरात जी शांतता पसरली ती ऐकण्यासारखी होती.

तिथून वांद्रे. बँडस्टँडवर शाहरुख खानचा 'मन्नत'. या घराचं आधीचं नाव 'व्हिला व्हिएन्ना' होतं, ही माहिती आम्हाला रिक्षावाल्याने दिली. मुंबईतला हा एकमेव किनारा, जिथे शेकडो माणसं समुद्राकडे पाठ करून उभी असतात. २ नोव्हेंबरला, म्हणजे त्याच्या वाढदिवसाला, पाय ठेवायला जागा नसते, पण एरवीही नावाच्या पाटीसमोर रांग असतेच. मामांनी पाटीबरोबर फोटो काढला. मग अरबी समुद्राबरोबर काढायचा का, असं विचारलं तर म्हणाले, "तो रत्नागिरीलाही आहे."

कार्टर रोडला राजेश खन्नांचा 'आशीर्वाद' होता. आता तिथे बघायला काही नाही, जुना बंगला पाडला. तरी रिक्षावाले तिथे वेग कमी करतात, कारण त्या घराची गोष्ट फार छान आहे. हा बंगला आधी राजेंद्रकुमार यांचा. त्यांनी त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, 'डिंपल'. लोक म्हणायचे, वास्तू लाभते. राजेश खन्नांनी ती घेतली, 'डिंपल' हे नाव काढून 'आशीर्वाद' ठेवलं आणि १९७३ साली लग्न करून घरात आणली ती डिंपल. मामांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती तिथेच मोबाइलवर मामींना सांगितली. पलीकडून मामी एवढंच म्हणाल्या, "औषध घेतलंत का?"

आणि परतताना एका भलत्याच गल्लीत, कुठल्याशा नटाच्या बंगल्याबाहेर बसलेला वॉचमन वाळवा तालुक्यातला निघाला. मग काय विचारता. मामा त्याच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि उसाचा दर, कारखान्याची निवडणूक, कुणाची सोयरीक कुठे मोडली, असा तासभर कार्यक्रम झाला. मधे एकदा फाटक उघडून काळ्या काचांची गाडी बाहेर पडली. वॉचमनने बसूनच सलाम ठोकला. मामांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. घरी आल्यावर म्हणाले, "माणूस फार चांगला." बायकोने उत्सुकतेने विचारलं, "कोण भेटलं मामा?" तर म्हणाले, "वॉचमन."

जाता जाता एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. रिक्षाला वांद्रे आणि शीव ओलांडून शहरात यायला परवानगी नाही. त्यामुळे जुहू-वांद्र्याच्या नटांची लग्नं, भांडणं आणि कर्जं अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक असतात, आणि मलबार हिलवर राहणाऱ्यांचं काही म्हणजे काही कळत नाही. टॅक्सीवाले बोलतात, पण ते फक्त ट्रॅफिकविषयी.

बंगले दाखवण्याची ही लाचारी गिरगावकराला ठाऊक नाही. त्याच्याकडे हिरोचा विषय काढून बघा. जितेंद्र म्हणालात तर तो म्हणेल, "कोण, आमचा रवी कपूर?" राजेश खन्ना म्हणालात तर, "ठाकूरद्वारचा जतिन." दोघं एकाच शाळेत होते, हे तो तुम्हाला शाळेचा रस्ता दाखवून सांगेल. गिरगावात प्रत्येक जुन्या घरात फुटलेल्या काचेची एक कथा असते. चेंडू मारणाऱ्या पोराचं नाव मात्र दर पिढीला बदलतं, ज्याचा सिनेमा चालू असेल तो. ताडदेवच्या चिखलवाडीत ही कथा जरा जपून ऐकावी. कारण तिथे अशोक सराफ आणि सुनील गावस्कर असे दोघेही लहानाचे मोठे झाले. म्हणजे तिथली काच खरोखरच फुटलेली असू शकते.

माझं तर मत असं आहे की मुंबईकराला नट भेटतात, ते नट होण्याच्या आधी. नंतर फक्त फाटकं. स्टेट बँकेत अशोक सराफ नोकरीला होते, बँक ऑफ इंडियात अमोल पालेकर. म्हणजे त्या काळात कुणीतरी पासबुक घेऊन काउंटरवर उभं असणार आणि "अहो, जरा लवकर करा," असं पालेकरांना सुनावून गेलं असणार. पालेकर पुढे 'छोटी सी बात'मध्ये बसस्टॉपवर आणि 'बातों बातों में'मध्ये लोकलमध्ये इतके खरे वाटले, त्यात त्या काउंटरचाही वाटा असावा. बेस्टच्या बसमध्ये बदरुद्दीन काझी नावाचा कंडक्टर तिकिटं फाडायचा. तो पुढे जॉनी वॉकर झाला. त्याच्याशी सुट्ट्या पैशांवरून ज्यांनी वाद घातला त्यांना तो विनोद फुकटात ऐकायला मिळाला आणि कळलं नाही. आणि माहीमच्या पोलीस ठाण्यात कुलभूषण पंडित नावाचे एक सबइन्स्पेक्टर होते, तेच राजकुमार. एखादा गरीब माणूस सायकल चोरीला गेल्याची तक्रार घेऊन गेला असेल आणि समोरून त्या आवाजात "कहां से उठी?" असा प्रश्न आला असेल, तर त्याने सायकलवरचा हक्कच सोडला असेल.

तेव्हा चाळ आणि सिनेमा यांच्यात फाटक नव्हतं. जॅकी श्रॉफ 'हिरो' गाजल्यावरही काही काळ वाळकेश्वरला तीन बत्तीच्या चाळीतच राहत होता, निर्माते त्याला शोधत तिथे यायचे, हे त्यानेच अनेकदा सांगितलंय. चाळीत सकाळी सार्वजनिक रांगेत तुम्ही हिरो असा की व्हिलन, नंबर आल्याशिवाय आत जाता येत नाही. भगवानदादांचं उलटं झालं. १९५१ च्या 'अलबेला'ने त्यांना बंगला आणि मोटारी दिल्या, पुढच्या चित्रपटांनी त्या नेल्या आणि दादा परत दादरच्या चाळीत आले. पण गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या दारात थांबायच्या. खाली त्यांचाच तो हात पसरून, कंबर किंचित लचकवून केलेला नाच चालायचा आणि दादाही दोन पावलं टाकायचे, असं तिथली जुनी माणसं सांगतात. आजही महाराष्ट्रात लग्नाच्या वरातीत ज्याला नाचता येत नाही तो भगवानदादांसारखं नाचतो. इतकी वर्षं, इतक्या नवऱ्यांची अब्रू दुसऱ्या कुठल्याही नटाने वाचवलेली नाही.

आता हे सगळं सांगितलं, तरी प्रत्यक्ष हिरो समोर आला तर अस्सल मुंबईकर काय करतो? काही करत नाही. भाव देत नाही. हे आमचं शिक्षण आहे. वांद्र्यात एका दातांच्या डॉक्टरकडे जाताना लिफ्टमध्ये एक बऱ्यापैकी मोठा नट शिरला. (नाव सांगत नाही, त्याच्या दाढेचा प्रश्न आहे.) लिफ्टमध्ये आम्ही सहा जण. त्या क्षणी सहाही जणांना मजल्यांच्या आकड्यांविषयी विलक्षण कुतूहल निर्माण झालं. एक, दोन, तीन. एका बाईंनी पर्समधून विजेचं बिल काढून वाचायला घेतलं. चौथ्यावर तो उतरला, दार बंद झालं आणि मग लिफ्टमध्ये जो स्फोट झाला, तो थेट आठव्या मजल्यापर्यंत चालला.

"तोच होता ना?"

"तोच तर!"

"बुटका आहे हो."

हा पहिला निकाल. मुंबईत दिसलेला प्रत्येक नट बुटका असतो. सहा फूट दोन इंचांचा असला तरी "पडद्यावर जास्त वाटतो" एवढं तरी म्हणायचंच. दुसरा निकाल रंगाचा, "मेकअपशिवाय अगदी आपल्यासारखाच." आणि तिसरा, सर्वांत मोठा सन्मान, "पण साधा आहे हो." साधा ठरण्यासाठी नटाला फारसं करावं लागत नाही. लिफ्टमध्ये उभं राहिलं, चहा प्यायला किंवा स्वतःच्या पायांनी चालला, की तो साधा. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये जुनं मासिक चाळलं तर तो जमिनीवरचा माणूस. हेच आमच्या ऑफिसातला शिपाई रोज करतो, त्याला आजवर कुणी साधा म्हटलेलं नाही.

पण भाव न देण्याने नटांची मात्र मोठी पंचाईत होते. कुणी ओळखू नये म्हणून ते टोपी घालतात, गॉगल लावतात, करोनापासून मास्कचीही सोय झाली. संध्याकाळी सात वाजता गॉगल लावलेला माणूस एकतर नट असतो किंवा त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं. पार्ल्याच्या मंडईत असाच एक जण पाहिला. टोपी, गॉगल, मास्क, सगळा बंदोबस्त. पहिल्या गल्लीत कुणी वळून बघितलं नाही. दुसऱ्या गल्लीत त्याने मास्क हनुवटीवर घेतला. लोक वांगी निवडत होते. त्याने गॉगल काढला, पुसला, उजेडाकडे धरून बघितला, पुन्हा लावला. शेवटी टोपी काढून केसांवरून हात फिरवला, अगदी पडद्यावर फिरवतो तसा. आणि मेथीची जुडी हातात घेऊन भाजीवालीकडे बघून हसला. ती म्हणाली, "ओ टकलू, घ्यायची तर घ्या. कुस्करू नका." टक्कल आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिला दिसलं.

याहून अवघड परिस्थिती अर्धवट ओळखीच्या नटांची. हिरोला नाव असतं. या मंडळींना फक्त चेहरा असतो. "तो हो, तो... कमिशनरचं काम करतो बघा, शेवटी येतो." जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टरचं काम केलं, गिनेस बुकात नोंद झाली. पण रस्त्यात त्यांना बघून किती जणांना नाव आठवलं असेल? बहुतेकांनी खिशातलं लायसन्स चाचपलं असेल. चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही, म्हणजे मराठी माणसाच्या दृष्टीने हा नातेवाईकच. आमचे वडील दादरच्या फलाटावर अशाच एका गृहस्थांना बघून थांबले, दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "काय म्हणता! मुंज कशी झाली?" त्या सज्जन नटाने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं, "छान झाली. तुम्ही यायला हवं होतं." वडील घरी येऊन आईवर चिडले, की मुंजीचं आमंत्रण कुठे ठेवलंस. रात्री टीव्हीवर तेच गृहस्थ सावकार होऊन एकाचं शेत लिलावात काढताना दिसले. वडील म्हणाले, "बघ, आहेरही पाठवला नाही आपण."

मराठी मालिकांमुळे तर पडदा उरलेलाच नाही. हिंदी हिरोला भाव न देणारी आमच्या तळमजल्यावरची काकू मालिकेतल्या नटीला मात्र सोडत नाही, कारण तिच्याशी तिचं रोजचं भांडण आहे. मालिकांची शूटिंगं मढ, गोरेगाव, ठाणे या बाजूला चालतात, नट-नट्या तिकडे जायला-यायला बऱ्या पडतील अशा वस्त्यांत राहतात, त्यामुळे खाष्ट सासूसुद्धा कुठेतरी कोथिंबीर आणायला बाहेर पडतेच. तशी ती पडली आणि काकूने तिचं मनगट धरलं.

"काय गं, परवा त्या पोरीच्या दुधात काय घातलंस?"

नटी बिचारी सराईत. "काकू, मी नाही घातलं. लेखकाने घातलं."

"लेखकाचं घर आहे का ते? तुझं आहे ना? तुला कळत नाही? पोटुशी आहे ती!"

"हो, पण काकू..."

"खरं सांग. वाचते ना?"

नटीने इकडेतिकडे बघितलं. "सांगितलं तर मला काढतील हो."

काकू थबकली. मालिकेत ती बाई तीन बंगल्यांची मालकीण होती. नोकरी जाण्याचं भय हे काकूला नवीन होतं. तिने मनगट सोडलं, भाजीवाल्याकडून एक कढीपत्त्याची काडी मागून घेतली, नटीच्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "शुक्रवारी हळदीकुंकू आहे, ये. साडी नेसून ये, पण ती जांभळी नको." तेव्हापासून काकूची भूमिका बदलली आहे. मालिकेत ती सासू नवं कारस्थान रचू लागली, की काकू हळहळते, "पोटासाठी काय काय करावं लागतं बिचारीला."

नाटकवाल्यांची गोष्ट वेगळी. ते आपल्याला 'दिसले' असा दावाच करता येत नाही, कारण प्रयोग संपल्यावर प्रेक्षक सरळ आत येतात. शिवाजी मंदिर असो की पार्ल्याचं दीनानाथ, पडदा पडला की बटाटेवड्याचा हात रुमालाला पुसत माणसं रंगपटात शिरतात आणि घामाने निथळणाऱ्या नटाला सांगतात, "छान. पण मागच्या नाटकात जास्त चांगलं होतं." प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला. प्रयोग मोजता येतात. हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं असेल ते मोजणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

आता आमच्या सोसायटीतल्या शूटिंगकडे येतो. एरवी शूटिंगवाले बॅलार्ड इस्टेटला जातात, रविवारी तिथे चिटपाखरू नसतं आणि जुन्या दगडी इमारती फुकटात लंडन देतात. किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत, जिथे राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या अधूनमधून सेटवर येऊन जातो. पण या निर्मात्याला 'मध्यमवर्गीय, थोडी पडकी' इमारत हवी होती. दलालाने आमची दाखवली. 'थोडी पडकी' हे शब्द पत्रात होते आणि ते वाचून कमिटी दुखावली होती, पण पुढचा आकडा वाचल्यावर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा प्रश्न सुटत होता. विशेष सर्वसाधारण सभा झाली. एरवी कोरम होत नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करतात. त्या दिवशी भाडेकरूंचे पाहुणेसुद्धा हजर होते. एकमताने ठराव झाला, उपसूचना फक्त एक आली, की हिरोईनला तिसऱ्या मजल्यावर मेकअपला जागा द्यावी. सूचक तिसऱ्या मजल्यावर राहतात.

शूटिंगच्या दिवशी पहाटे जनरेटरची गाडी आली, मग व्हॅनिटी व्हॅन. गल्लीतल्या सगळ्या स्कूटर उचलून शाळेच्या भिंतीशी लावल्या गेल्या. हिरोची व्हॅन आमच्या टू रूम किचनपेक्षा मोठी होती आणि तिला पार्किंग मिळालं, ज्यासाठी आमच्यात गेली कित्येक वर्षं चिठ्ठ्या टाकल्या जातात. आमचा खरा वॉचमन युनिफॉर्म इस्त्री करून उभा होता, सीनमध्ये वॉचमन होता म्हणून. दिग्दर्शकाच्या असिस्टंटने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ये वॉचमन नहीं लगता." मग त्याचीच टोपी एका ज्युनिअर आर्टिस्टला घातली. तो नकली वॉचमन दिवसभर गेटवर इतक्या तत्परतेने उभा राहिला, की सेक्रेटरींनी त्याला पगार विचारला.

सीन साधा होता. हिरो जिन्यावरून उतरतो, वळून बघतो, म्हणतो, "मां, मैं चलता हूं." आईचं काम करणारी बाई हिरोपेक्षा वयाने लहान होती, पण ते आता चालतं. पहिला टेक. "सायलेन्स!" असा आवाज झाला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या कुकरने शिट्टी दिली. एक मुलगा धावत वर गेला. आजी म्हणाल्या, "तीन झाल्यात, अजून दोन. तूर जुनी आहे." सगळं युनिट खाली दोन शिट्ट्यांची वाट बघत थांबलं. त्यानंतर कावळा. मग रद्दीवाला. मग समोरच्या इमारतीतली मंगळवारची आरती, जी कुणाच्या बापासाठी थांबत नाही. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या पोरांना तो संवाद पाठ झाला. पुढे महिनाभर एकही मूल "आई, जातो," म्हणून घराबाहेर पडलं नाही.

खरी ठिणगी पडली ती संध्याकाळी. पुढचा सीन पावसाचा. महिना मे. आमच्याकडे महापालिकेचं पाणी पहाटे अर्धा-पाऊण तास येतं, तेवढ्यावर दिवस काढायचा. त्यांचा टँकर कुठेतरी अडकला आणि कुणालातरी आमच्या टाकीचा नळ दिसला. पाऊस पडायला लागला. काय पाऊस होता! दिवे, धुकं, पांढऱ्या साडीतली हिरोईन. खिडक्याखिडक्यांतून सगळे भारावून बघत होते. एवढ्यात चौथ्या मजल्यावरून एक पुरुषी आवाज आला. अंगाला साबण लावलेल्या माणसाचा आवाज वेगळाच असतो. "पाणी गेलं!" क्षणात सगळ्यांना हिशोब कळला. ती जी भिजते आहे ती आपल्या टाकीत भिजते आहे. भाव न देणारे, लिफ्टमध्ये आकडे मोजणारे लोक बादल्या घेऊन खाली धावले. "कट! कट!" कुणी ऐकेना. आजींनी तर पावसाच्या पाइपखालीच हंडा लावला. हिरो व्हॅनच्या दारात उभा राहून बघत होता. आजी त्याला म्हणाल्या, "बघतोस काय? दुसरी कळशी दे इकडे." आणि त्याने दिली. दोन्ही हातांनी उचलून, जिन्यापर्यंत.

त्या रात्री सोसायटीत एकमुखी निर्णय झाला. साधा आहे हो.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही अख्खी बिल्डिंग मिळून बघायला गेलो. इमारत चार-पाच सेकंद दिसते. गेटवरच्या पाटीवर दिल्लीतल्या कुठल्याशा कॉलनीचं नाव आहे. पावसाचा सीन कापलाय. आजींचा आवाज नाही, पण मागे दोरीवर वाळत घातलेली सेक्रेटरींची बनियन स्पष्ट दिसते आणि ती दिसली तेव्हा आमच्या दोन रांगांनी शिट्ट्या वाजवल्या. मिळालेल्या पैशांतून गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं. यंदाच्या पावसात चौथ्या मजल्यावर एक थेंब गळला नाही.

तेव्हा तुमच्या सोसायटीकडे असं पत्र आलं, तर 'पडकी' या शब्दाचा राग मानू नका, परवानगी जरूर द्या. फक्त पैसे आधी घ्या, टाकीच्या नळाला कुलूप लावा आणि तूर आदल्या रात्री भिजत घाला.